8 वाजून 52 मिनिटांनी रक्त परत आलं

या घटनाक्रमातला माणूस मी घडवलेला आहे. वय 56, माध्यमिक शाळेत शिक्षक, तालुक्याच्या गावी स्वतःचं घर, साखर काठावर, तंबाखू दोन वर्षांपूर्वी सुटलेली. असे गृहस्थ जिल्ह्याच्या गावी कुठल्याही कॅथलॅबबाहेर सकाळी स्ट्रेचरवर दिसतात. त्यांच्या छातीत पेशींच्या पातळीवर जे घडतं ते मात्र काल्पनिक नाही. साठ वर्षांहून जास्त काळ कुत्र्यांच्या, उंदरांच्या आणि माणसांच्या हृदयांवर त्याची मोजदाद झालेली आहे.

घड्याळ उलटं लावलं आहे. शून्याची वेळ सकाळी 8:52. त्या क्षणी रक्त थांबत नाही, ते तीन तास आधीच थांबलेलं असतं. 8:52 ला ते परत येतं.

आदली रात्र, 10:30. उरले 10 तास 22 मिनिटं

सर पेपर तपासत बसलेत. "अहो, झोपा आता," असं पत्नीनं, म्हणजे बाईंनी, दोनदा सांगून झालंय. हृदय मिनिटाला सत्तरएक ठोके देत निवांत चाललंय. निवांत हा अर्थात बाहेरून बघणाऱ्याचा शब्द. सुमारे 300 ग्रॅमचा हा स्नायू दिवसाकाठी 6 किलोंहून जास्त एटीपी तयार करतो आणि तेवढंच खर्चून टाकतो. एटीपी म्हणजे पेशीचं रोख चलन. गल्ल्यात एका वेळी शिल्लक असते ती जेमतेम काही सेकंदांची. हातावर पोट असलेला माणूस रोज कमावतो आणि रोज खातो. हृदयाला एका दिवसाचीही उसंत नाही, त्याचा हिशेब सेकंदाचा.

ही कमाई होते तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांमध्ये. 'पेशीचं ऊर्जाघर' असं एका ओळीचं उत्तर लिहून आपण सगळे त्यावरून पुढे गेलो. सरांनीही आत्ताच एका मुलाला त्यासाठी एक गुण दिलाय. हृदयाच्या पेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा या हजारो कणिकांनीच भरलेला असतो. प्रत्येक कणिका म्हणजे दुहेरी तटाचा वाडा: बाहेर एक पटल, आत दुसरं, आणि आतलं पटल घड्या घालून कोंबलेलं.

बाहेरच्या तटाला दिंडी आहे. तिचं नाव व्हीडॅक. प्रथिनाच्या 19 पट्ट्या गोल वळवून केलेलं बिनबुडाचं पिंप. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं 1976 साली, आणि तेही पॅरामेशियम या डबक्यातल्या एकपेशीय जीवाच्या तंतुकणिकांमध्ये. एटीपी, ते खर्चून उरलेलं एडीपी, अन्नाचे बारीक तुकडे अशी छोटी मंडळी या दिंडीतून ये-जा करतात. मोठ्या प्रथिनांना प्रवेश नाही.

आतल्या तटाचा कायदा कडक आहे, आणि त्याला कारण आहे. अन्न जाळून मिळालेल्या शक्तीवर कणिका प्रोटॉन बाहेर उपसते. ते आतल्या तटामागे साचतात आणि मुख्यतः एका वाटेनं परत आत येतात, एटीपी सिंथेज नावाच्या यंत्रातून. हे यंत्र खरोखर गरगर फिरतं आणि फिरता फिरता एटीपी घडवतं. ही धरण आणि टर्बाइनची कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 'नेचर'मध्ये मांडली जुलै 1961 मध्ये. पुढे 1978 साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. जुलै 1961 ची पुणेकरांना वेगळी ओळख करून द्यायला नको. विमोचकाचं काम अर्धवट असताना भरलेलं पानशेत धरण त्याच महिन्याच्या 12 तारखेला फुटलं. निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवत नाही, कारण पुढची सगळी गोष्ट धरण फुटण्याचीच आहे.

या धरणावरचा ताण किती? आतल्या पटलाची जाडी सुमारे 5 नॅनोमीटर आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये दीडशे मिलिव्होल्टहून जास्त फरक. मीटरच्या हिशेबात मांडलं तर 3 कोटी व्होल्ट. आकाशात वीज पडते तेव्हा बोलायचे हे आकडे, आणि ते सरांच्या छातीत रात्री साडेदहाला सहज नांदतायत. अशा भिंतीला भोक परवडत नाही. म्हणून तिथे दारं मोजकी, आणि प्रत्येक दाराशी राखणदार. अँट नावाचं एक दार रोखठोक अदलाबदल करतं: रिकामं एडीपी आत, भरलेलं एटीपी बाहेर, एकास एक.

दुसरं दार कॅल्शियमचं. हृदयाचा ठोका म्हणजे पेशीत कॅल्शियमची लाट येणं आणि ओसरणं. त्यातलं थोडं कणिकेत शिरतं आणि कारखान्याला सांगतं, मागणी वाढली, पाळी वाढवा. हे दार असणार हे अर्धशतक ठाऊक होतं, पण त्याचं प्रथिन सापडलं 2011 साली, अमेरिकेत वम्सी मूथा यांच्या आणि इटलीतल्या पादुआत रोझारिओ रिझ्झुतो यांच्या प्रयोगशाळांत, एकाच सुमारास. त्याला एमसीयू म्हणतात. त्याच्या तोंडाशी एमआयसीयू-1 नावाचा पहारेकरी बसतो. ज्या मुलांच्या जनुकात हा पहारेकरीच बिघडलेला असतो, त्यांचे स्नायू दुबळे राहतात आणि हालचालींवर ताबा राहत नाही.

आणि एक दार असं, जे वाड्याच्या नकाशात कुठेच काढलेलं नाही. 1979 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात हंटर आणि हॉवर्थ यांना दिसलं, की कणिकांना प्रमाणाबाहेर कॅल्शियम दिलं की आतलं पटल अचानक गळकं होतं. 1500 डाल्टनपर्यंतचं काहीही त्यातून आरपार जातं. कॅल्शियम काढून घेतलं की ते पुन्हा मिटतं. म्हणजे पटल फाटलं नव्हतं, एक दार उघडलं होतं. त्याला पारगम्यता बदलाचं छिद्र असं लांबलचक नाव पडलं. मी त्याला चोरदार म्हणतो.

आज रात्री ते बंद आहे. कधीमधी क्षणभर किलकिलं होऊन साठलेलं कॅल्शियम सोडत असावं, असं मानणारे संशोधक आहेत. तसं असेल तर तो धरणाचा सांडवा म्हणायचा. सर दिवा मालवतात.

पहाटे 5:40. उरले 3 तास 12 मिनिटं

झटके पहाटे आणि सकाळी जास्त येतात. जाग येताना रक्तदाब चढतो, रक्त गोठण्याकडे झुकतं. सरांच्या हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत चरबीचा एक थर वर्षानुवर्षं बसलेला आहे. त्याची पातळ साय तडकते. शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते इमानदारीनं तिथे गुठळी बांधतं. धमनी बंद.

5:40 आणि 10 सेकंद

पुढच्या भिंतीतल्या पेशींचा प्राणवायू संपला. तो तुकडा आकुंचन पावायचा थांबतो. बाकीचं हृदय त्याला ओढत चालवतं.

5:42

आता जे होतं ते मला या सगळ्यात सर्वांत केविलवाणं वाटतं. प्राणवायू नाही म्हणून प्रोटॉन उपसणं थांबलं, धरण रितं होऊ लागलं. तेव्हा ते फिरतं यंत्र, एटीपी सिंथेज, उलटं फिरायला लागतं. नगर-ठाणे सीमेवरच्या घाटघर प्रकल्पात मागणी कमी असताना यंत्रं उलटी चालवून खालचं पाणी वर चढवतात, तसंच. पण घाटघरला स्वस्त वीज वापरतात. इथे पेशी गल्ल्यातलं शेवटचं एटीपी जाळून धरणाची पातळी राखू बघते. कारखाना गिऱ्हाईक झाला. आयएफ-1 नावाचं एक छोटं प्रथिन या उलट्या चाकाला खीळ घालतं, म्हणून दिवाळं थोडं लांबतं.

5:55. उरले 2 तास 57 मिनिटं

"रात्रीची भजी बाधली बघ. अ‍ॅसिडिटी झालीय." सर छाती चोळत खुर्चीत बसतात. कपाळावर घाम. बाई म्हणतात, "अहो, केवढा घाम आलाय तुम्हाला." सर लिंबू-सोडा मागतात.

निदान अगदीच खोटं नाही. आम्ल झालंय, पण जठरात नाही. प्राणवायूविना साखर मोडायची तर लॅक्टिक आम्ल साठतं. वाहून न्यायला रक्त नाही. पेशीतला सामू सातच्या वरून साडेसहाच्या आसपास उतरलाय. कॅल्शियम चढतंय, फॉस्फेट चढतंय, एटीपी घटतंय. चोरदार उघडायला लागणारी सगळी कारणं एका जागी जमली आहेत.

तरीही दार बंद आहे. त्याला कुलूप घातलंय ते याच आम्लानं. सामू सातच्या खाली असेपर्यंत चोरदार सहसा उघडत नाही. 8:52 समजून घ्यायचं तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

6:00. उरले 2 तास 52 मिनिटं

वीस मिनिटं झाली. रॉबर्ट जेनिंग्ज यांनी 1960 च्या सुमारास कुत्र्यांच्या धमन्या ठरावीक वेळ बांधून सोडून पाहिल्या. साधारण वीस मिनिटांच्या आत सोडलेल्या हृदयाचा स्नायू जगत होता. त्यापुढे तो मरू लागे, आतल्या अस्तरापासून बाहेरच्या बाजूला, लाटेसारखा.

सोड्यानं ढेकर येते. सरांना बरं वाटल्यासारखं वाटतं.

6:20. उरले 2 तास 32 मिनिटं

जेनिंग्ज आणि रायमर यांची 1977 सालची मोजणी: 40 मिनिटांनी धमनी सोडली तर धोक्यातल्या स्नायूचा 38 टक्के भाग मेलेला असतो. 3 तासांनी 57. 6 तासांनी 71. आणि 24 तास बंदच ठेवली तर 85. हे कुत्र्याचं हृदय. माणसागणिक आकडे हलतील, पण उताराचा आकार हाच. पहिल्या तासात घसरण सर्वांत वेगवान आहे. आपल्याकडचा पहिला तास सोडा, ओवा आणि "थोडं पडून बघतो" यात जातो.

कणिकांमध्ये एक नवीन माल साठतोय: सक्सिनेट. ज्वलनाच्या साखळीतला हा एक साधा दुवा, पण पुढे नेणारं कोणी नाही म्हणून त्याचा ढीग लागतो. त्याचं महत्त्व केंब्रिजच्या गटानं 2014 साली दाखवलं. तूर्त तो पेटीत ठेवलेल्या दारूसारखा निरुपद्रवी आहे.

7:05. उरला 1 तास 47 मिनिटं

सून सांगते, "बाबा, मी गाडी काढलीय, तुम्ही काही बोलू नका." ग्रामीण रुग्णालयात ईसीजी निघतो. रेषा उंच उचललेली. पोरगेला डॉक्टर अ‍ॅस्पिरिन चावायला देतो, जिल्ह्याच्या गावी फोन लावतो. तिथे कॅथलॅब आहे आणि दोन तासांच्या आत धमनी उघडता येईल, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन न देता पुढे पाठवायचं ठरतं. त्यानं सगळं बरोबर केलं.

7:20 ते 8:15

108 ची गाडी. चाळीस किलोमीटर, त्यात एक रेल्वे फाटक.

या काळात चोरदाराविषयी सांगण्यासारखं काही घडत नाही, म्हणून एक प्रयोग सांगतो. ब्रिस्टलच्या ग्रिफिथ्स आणि हॅलेस्ट्रॅप यांना 1995 साली हेच कोडं पडलं होतं: चोरदार नेमकं उघडतं कधी? त्यांनी उंदराच्या हृदयाला किरणोत्सारी खूण लावलेली एक साखर पाजली. ही साखर पेशीत शिरते आणि तिथेच अडकते. कणिकेच्या आतल्या पटलातून ती जाऊ शकत नाही, चोरदार उघडं असेल तरच जाते. मग रक्तपुरवठा तोडला, ठेवला, परत जोडला, आणि प्रत्येक टप्प्यावर कणिका वेगळ्या काढून आत किती खूण शिरली ते मोजलं. रक्त बंद असताना जवळजवळ काहीच नाही. रक्त परत आल्यावर, पहिल्या पाचेक मिनिटांत, भसाभस. सामू सातवर परतायला लागणारा वेळही तोच.

गुन्हा घडला कधी हे त्या प्रयोगानं पक्कं केलं. तोवर बऱ्याच जणांचा समज होता की पेशी उपासमारीनं मरतात आणि रक्त परत येणं हा निव्वळ उपाय आहे.

8:15. उरली 37 मिनिटं

सही. कार्ड. "पेशंटचं जवळचं कोण?" मनगटाजवळच्या धमनीतून तार आत सरकते.

8:48. उरली 4 मिनिटं

पडद्यावर धमनी दिसते: मध्येच तुटलेली, छाटलेल्या फांदीसारखी. तार गुठळीतून पलीकडे जाते.

पुढच्या भिंतीच्या आतल्या भागातल्या पेशी मेल्या आहेत, त्यांचं काही करता येणार नाही. बाहेरच्या पेशी अजून जिवंत आहेत. काठावर, सुजलेल्या, दिवाळं निघालेल्या, आम्लात बुडालेल्या, पण जिवंत. या चार मिनिटांत त्या काहीही वेगळं करत नाहीत. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल आहे.

8:52. शून्य

फुगा फुगतो, उतरतो. पडद्यावर काळी फांदी टोकापर्यंत भरत जाते. कॅथलॅबमध्ये कोणीतरी "छान" म्हणतं, आणि ते खरंच छान आहे.

पहिले काही सेकंद. प्राणवायू पोचतो. साठलेलं सक्सिनेट भडकतं. इलेक्ट्रॉनांचा लोंढा साखळीत उलट्या दिशेनं घुसतो आणि प्राणवायूशी गाठ पडून दाहक रेणूंचा फवारा उडतो. ज्वलनाची साखळी मात्र सुरू झाली, म्हणून धरण पुन्हा भरू लागतं. आतल्या पटलावर दाब परत आला आणि त्याबरोबर कॅल्शियम आत ओढणारी शक्तीही परत आली.

पहिलं मिनिट. ताज्या रक्तानं पेशीबाहेरचं आम्ल धुऊन नेलं. आत आम्ल, बाहेर नाही. पेशी आम्ल बाहेर टाकून बदल्यात सोडियम आत घेते. मग एरवी सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर काढणारं जे प्रथिन आहे, ते उलटं चालून सोडियम बाहेर काढतं आणि कॅल्शियम आत ओततं. सारी दारं आपापला नियम तंतोतंत पाळतायत. बेइमानी कोणाचीच नाही. एमसीयूचा पहारेकरी कॅल्शियम चढलेलं पाहून नेमाप्रमाणे दार सोडतो, आणि पेशीतला पूर कणिकेत शिरतो.

दुसरं, तिसरं मिनिट. सामू चढतोय. 6.7. 6.9. कुलूप सैल होतंय.

आत, कणिकेच्या गाभ्यात, सायक्लोफिलिन-डी नावाचं प्रथिन असतं. एरवी ते इतर प्रथिनांच्या घड्या बसवायला मदत करतं. कॅल्शियमचा पूर, दाहक रेणूंचा मारा आणि उतरलेलं आम्ल अशी तिन्ही एकत्र आली, की ते आतल्या पटलातल्या कोणत्या तरी प्रथिनाला जाऊन चिकटतं.

चोरदार उघडतं.

मीटरला 3 कोटी व्होल्टचं धरण एका झटक्यात सपाट. प्रोटॉन मोकाट. एटीपी सिंथेज पुन्हा उलटं फिरायला लागतं आणि आता परत आलेल्या थोड्याफार एटीपीचा फडशा पाडतं. बाहेरचं पाणी गाभ्यात घुसतं. घड्या घातलेलं आतलं पटल फुगून उलगडायला जागा आहे. बाहेरच्या पटलाला घड्याच नाहीत. ते फाटतं. साठलेलं कॅल्शियम बाहेर सांडतं, शेजारच्या कणिकेत जातं, तिचंही दार उघडतं. स्नायूचे तंतू कॅल्शियमच्या माऱ्यानं आवळून बसतात ते सुटतच नाहीत. पेशी आपल्याच ताकदीनं फाटते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा स्नायूत आडवे गडद पट्टे दिसतात.

8:57. शून्यानंतर 5 मिनिटं

एवढंच. पाच मिनिटं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसतं, की शेवटी जेवढा स्नायू मरतो त्याचा निम्म्यापर्यंत वाटा रक्त परत येण्याच्या या टप्प्याचा असू शकतो. दुष्काळात धरण फुटत नाही, पहिल्या पुरात फुटतं.

यावरून "मग धमनी उघडूच नये" असा अर्थ कोणी काढू नये, हे स्पष्ट सांगतो. उघडली नाही तर 85 टक्क्यांकडे वाटचाल ठरलेली. बंद ठेवण्यात सुटका नाही; उघडताना हे दार धरून ठेवता आलं तर हवं आहे.

9:10

बाहेर बाईंना सांगितलं जातं, "ब्लॉक उघडलाय, स्टेंट घातलाय." सून फोन करायला बाजूला जाते.

आता त्या दार धरून ठेवण्याबद्दल. सायक्लोस्पोरिन नावाचं औषध मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांच्या घरी ठाऊक असतं. नॉर्वेच्या पठारावरून आणलेल्या मातीतल्या बुरशीपासून ते निघालं. 1980 च्या दशकात मार्टिन क्रॉम्प्टन यांनी दाखवलं, की हेच औषध चोरदार बंद ठेवतं, कारण ते सायक्लोफिलिन-डीला धरून बसतं. 2005 साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी ते प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले, आणि त्यांच्या हृदयाचं नुकसान खरोखर कमी झालं. 2008 मध्ये फ्रान्समध्ये 58 रुग्णांना धमनी उघडण्याच्या जरा आधी एकच मात्रा दिली गेली. स्नायूच्या नाशाची एक रक्तातली खूण 40 टक्क्यांच्या आसपास उतरली. ते शोधपत्र वाचलेल्यांना वाटलं, झालं काम.

2015 साली सर्कस नावाची मोठी चाचणी आली. 970 रुग्ण, बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेनमधली 42 रुग्णालयं. वर्षभरात मृत्यू, हृदय कमी पडणं (हार्ट फेल्युअर) किंवा हृदय पसरणं यांपैकी काही तरी झालेले: औषध दिलेल्यांत 59.1 टक्के, न दिलेल्यांत 58.1 टक्के. पुढच्या वर्षी इटलीतल्या 410 रुग्णांच्या चाचणीतही फायदा नाही. 

दुसरी वाट होती सरावाची. ड्यूक विद्यापीठात 1986 साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याची धमनी आधी पाच-पाच मिनिटं चार वेळा बांधली-सोडली आणि मग 40 मिनिटं बांधली. नुकसान चौथ्या हिश्शावर आलं. मग कोणाला तरी सुचलं, सराव दंडाला द्या: रक्तदाब मोजायचा पट्टा फुगवा, सोडा, फुगवा, सोडा. 2019 साली 5401 रुग्णांवर करून पाहिलं. फायदा नाही.

का? माझं मत विचाराल तर प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, निरोगी असतो, आणि औषध सेकंदाच्या हिशेबानं वेळेवर मिळतं. सर 56 वर्षांचे, साखर काठावर, धमनीत आधीच चार औषधं फिरतायत. आणि दुसरं कारण जास्त बोचरं आहे. चोरदार नेमकं कोणत्या प्रथिनाचं, यावरच एकमत नाही. आधी संशय व्हीडॅकवर. 2007 साली व्हीडॅक नसलेल्या पेशींतही दार उघडलं, ते सुटलं. मग अँटवर, पण 2004 मध्येच अँट काढलेल्या यकृतातही, थोडं कष्टानं का होईना, दार उघडल्याचं दिसलं होतं. 2013 मध्ये पादुआच्या गटानं बोट दाखवलं थेट एटीपी सिंथेजकडे, म्हणजे धरणाच्या टर्बाइनकडेच. 2017 मध्ये केंब्रिजमध्ये त्या यंत्राचा महत्त्वाचा भाग काढून टाकला, तरी दार होतंच. एकाहून जास्त दारं असावीत असं मानणारे आता वाढतायत. ज्या दाराचं लाकूड कोणतं हे ठाऊक नाही, त्याला कडी बसवायची कशी?

एमसीयूच बंद केलं तर? तेही 2015 साली करून झालंय. प्रौढ उंदरांच्या हृदयातून एमसीयू काढलं, तर रक्त परत आल्यावरचं नुकसान घटलं. पण त्याच उंदरांना अचानक धावायला लावलं तर जमेना. थोडा वेळ अंग गरम झाल्याशिवाय त्यांचं हृदय मागणीला उठेना. जे दार पुराला वाट देतं तेच जिना चढताना उपयोगी पडतं.

दुपारी 12:00

गोंधळ संपलाय. काठावरच्या काही पेशी आता वेगळ्या रीतीनं जातायत, शांतपणे. त्यांच्या कणिकांच्या बाहेरच्या पटलात बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिनं भोकं पाडतात. तिथून सायटोक्रोम-सी बाहेर येतं आणि पेशी आपली आवराआवर स्वतः करते. कर्करोगाच्या कित्येक पेशी हीच भोकं सहजी पडू देत नाहीत, म्हणून त्या लवकर मरत नाहीत. ती वेगळी कथा, उलट्या बाजूची.

सर शुद्धीवर आहेत. पेज मागतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9:00

इको. पुढची भिंत अर्धवट हलते. डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं 40 टक्के रक्त बाहेर ढकलतो. साधारण 55 च्या वर हवं. मेलेल्या जागी चामट व्रण होणार. माणसाच्या हृदयात नवीन स्नायुपेशी वर्षाला एक टक्काही धड तयार होत नाहीत, तेव्हा भरपाईची आशा धरण्यात अर्थ नाही. गोळ्या जन्मभर. बहुतेक सर जूनमध्ये शाळेत जातील, जिन्यावर एकदा थांबतील.

8:52 नंतरच्या पाच मिनिटांसाठी मान्य झालेलं औषध आजही नाही. 5:40 ते 7:05 ही 85 मिनिटं मात्र सरांच्या घरात गेली. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तर भजी आठवत बसू नका. 108 लावा, आणि जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा.